ताईंची वेबसाइट आणि अप्पांचा ळ

ताई, म्हणजे माझ्या नणंदबाई, खोटं बोलत नाहीत. त्यामुळे त्या रविवारी देडतलाईच्या पहिल्या बसनं येऊन, बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या आमच्या घराची पायरी चढता चढताच त्या म्हणाल्या, "वहिनी, माझ्या तोंडून एक खोटं निघून गेलं," तेव्हा मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

झालं असं होतं. ताईंचं सासर देडतलाईला. घरची केळी आणि कपाशी. चार वर्षांपासून त्या गावातल्या पाच बायकांना घेऊन कच्च्या केळ्यांचे वेफर्स करतात. आधी ते गावच्याच बाजारात विकायच्या, मग इथल्या इतवारा बाजारातल्या दोन दुकानांत पाकिटं ठेवायला लागल्या आणि त्या आठवड्यात तर थेट इंदूरच्या एका प्रदर्शनात टेबल मांडून आल्या होत्या. तिथं एक बाई आल्या. इंदुरात त्यांचं घरगुती खाऊचं दुकान. त्यांनी एक वेफर खाल्ला, दुसरा खाल्ला, पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "वेबसाइट है आपकी?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी म्हटलं, है ना!" ताईंनी कपाळावर हात मारला. "काय करू? इतकं चांगलं बोलून राहिल्या होत्या. नाही म्हणायची लाज वाटली मला. मग त्या म्हणाल्या, लिंक भेजिए. मी म्हटलं, थोडं काम चालू आहे, पुढच्या इतवारी पाठवते."

"पुढच्या इतवारी म्हणजे..."

"पुढचा रविवार, आजपासून आठवा दिवस," ताई म्हणाल्या आणि माझाच चहा उचलून प्यायल्या.

हे काम माझ्याकडं का यावं, याला आमच्या घरात सबळ कारण होतं. मी एका ऑफिसात कारकून आहे. हिंदी टायपिंगची परीक्षा मी पहिल्या झटक्यात पास झाले होते आणि साहेबांच्या निरोप समारंभाची पत्रिका मी कॉम्प्युटरवर बनवली होती, वेलबुट्टीसकट. तेवढ्यावर सासरच्या लोकांनी ठरवून टाकलं होतं की कॉम्प्युटरच्या आत काय चालतं ते मला ठाऊक असतं. पुण्याला शिकणारी माझी मुलगी फोनवर म्हणाली, "आई, मला दे, मी दहा मिनिटांत करते." हे ऐकून मला जरा लागलंच. मी म्हटलं, "तू तुझा अभ्यास कर." आणि ती सोडून गेलेला जुना लॅपटॉप कपाटातून बाहेर काढला.

वेबसाइट बनवायचा एक फुकटातला प्रोग्रॅम सापडला. त्यात भाषा निवडता येत होती. इंग्रजी नको म्हणून मी हिंदी निवडली आणि पहिल्या पाच मिनिटांतच पस्तावले. 'सेक्शन' हा शब्द आपल्याला कळतो. पण तिथं लिहिलं होतं 'अनुभाग'. 'अनुभाग को खींचकर स्थान बदलें.' ताई माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होत्या. म्हणाल्या, "खींचकर म्हणजे ओढायचं का? पण कुठून धरून?"

कुठून धरायचं ते शोधण्यात आमचा रविवार गेला. प्रत्येक अनुभागाच्या कडेला सहा बारीक ठिपके होते. त्यांच्यावर बाण ठेवून ओढलं की तो अख्खा तुकडा उचलला जायचा आणि आपण सोडू तिथं जाऊन बसायचा. म्हणजे बसायला हवा. माझा बसायचा नाही. अर्ध्या वाटेत हातातून सुटायचा आणि भलत्याच दोन तुकड्यांच्या मध्ये घुसायचा. 'संपर्क' सगळ्यात वर जाऊन बसला आणि 'आमचे पदार्थ' पानाच्या तळाशी गेले. ताई म्हणाल्या, "वहिनी, हे तर गणपतीच्या मांडवातल्या खुर्च्यांसारखं झालं. ज्याला जिथं जागा मिळाली तिथं बसला." मग संध्याकाळच्या बसनं त्या गावी गेल्या आणि मी त्या खुर्च्यांसोबत एकटी उरले.

आम्ही तयार नमुन्यांतून एक निवडला होता. तो मुळात कॉफीच्या दुकानासाठी होता. पण रंग छान होते, पिवळा आणि हिरवा, म्हणून ताईंना आवडला. वर एका कपातून वाफ निघत होती. खाली 'आमच्याबद्दल'च्या जागी एक परदेशी जोडपं एकमेकांकडं पाहून हसत होतं, गडी दाढीवाला आणि बाई एप्रन घातलेली. हे सगळं काढून आपलं टाकायचं होतं. पण त्याआधी मी फॉन्टमध्ये शिरले आणि तिथंच रमले.

फॉन्टची यादी उघडली तेव्हा मला कापडाच्या दुकानात गादीवर बसल्यासारखं वाटलं. एकावर एक ठाण उलगडत होतं. एक अक्षर जाडजूड, पोट सुटलेलं. एक इतकं किडकिडीत की वाऱ्यानं उडेल. एकाच्या वेलांट्या लग्नातल्या फेट्याच्या तुऱ्यासारख्या. ऑफिसात आम्हाला एकच फॉन्ट. सरकारी पत्र त्यातच निघतं आणि त्यातच फाइलला लागतं. इथं पन्नास! सोमवारी ऑफिसातून आल्या आल्या मी बसले आणि 'केळीचे वेफर्स' हे दोन शब्द प्रत्येक कपड्यात पाहत राहिले. मंगळवारी एक फॉन्ट असा सापडला की मी खूश झाले. गोल गोल, लुसलुशीत अक्षरं. पाहूनच खावंसं वाटावं. 'केळीचे वेफर्स' त्यात ठेवलं, अक्षर मोठं केलं, हिरवा रंग दिला आणि सासऱ्यांना हाक मारली.

आमचे सासरे, घरात सगळे त्यांना अप्पा म्हणतो, शहरातल्या मराठी शाळेत जन्मभर मराठी शिकवत होते. निवृत्तीनंतरही त्यांनी शिकवणं सोडलेलं नाही, फक्त वर्ग बदलला. आता दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे फलक आणि मी. माझं शिक्षण हिंदी शाळेतलं. लग्न होऊन आले तेव्हा मी वाण्याच्या यादीत 'डाल' लिहिलेलं त्यांनी लाल पेनानं 'डाळ' केलं होतं. त्यामुळे त्यांना काही दाखवायचं म्हटलं की आजही माझ्या डोळ्यांसमोर तो लाल पेन येतो.

अप्पा आले. खुर्ची ओढून बसले. खिशातून भिंग काढलं आणि स्क्रीनला लावलं. मी वाट पाहत उभी.

"हा ळ आपला नाही," अप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"बाकीची अक्षरं बघ. एका घरातली आहेत. हा ळ बाहेरून आलाय. ह्याची जाडी वेगळी, उंची वेगळी. शेजाऱ्याच्या पोराला आपल्या फोटोत उभं केल्यासारखा दिसतोय."

मी जवळून पाहिलं. खरंच होतं. 'के' गुबगुबीत, 'चे' गुबगुबीत आणि मध्ये एक 'ळ' उपाशीपोटी उभा. नंतर मुलीला विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की त्या फॉन्टमध्ये ळ नव्हताच. ज्यानं बनवला त्यानं हिंदीपुरता बनवला असणार. फॉन्टमध्ये एखादं अक्षर नसलं की कॉम्प्युटर ते दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणून लावतो.

"अप्पा, एवढं कोण बघतं?" मी म्हटलं. मला तो फॉन्ट फार आवडला होता.

"मी बघतो," अप्पा म्हणाले. "केळीच्या धंद्यात ळ उसना? मग आपलं काय राहिलं?"

मी रागारागानं ताईंना फोन लावला. वाटलं, त्या माझी बाजू घेतील. त्यांनी घेतलीही. फोन स्पीकरवर होता. त्या म्हणाल्या, "अप्पा, बोलताना आपण केई म्हणतो. बाजारात हिंदीत केला म्हणतो. ळ तर आपल्या तोंडात येतच नाही. मग लिहिताना एवढा ळ कशाला पाहिजे?"

अप्पांनी भिंग खिशात ठेवलं. "म्हणूनच," ते म्हणाले. "बोलताना नाही, निदान लिहिताना तरी असू दे."

मी फोन ठेवला आणि फॉन्टची यादी पुन्हा पहिल्यापासून उघडली.

मग सुरू झाला शोध. माझी परीक्षा आता एकच, ळ आहे का? पोट सुटलेल्या अक्षरात नव्हता. तुरेवाल्यात होता, पण त्यात 'वेफर्स'चा रफार सरकून भलत्याच अक्षरावर बसत होता. आणखी एकात ळ होता, रफार होता, पण आकडे असे की फोन नंबर वाचताना सातच्या जागी एक वाटावा. अप्पांनी मध्येच सुचवलं, "मी लिहून देतो." त्यांचं फळ्यावरचं अक्षर अजून तसंच आहे, एकेक वळण घोटलेलं. त्यांनी दाराजवळच्या जुन्या फळ्यावर खडूनं 'केळीचे वेफर्स' लिहिलं, मी फोटो काढला आणि पानाच्या माथ्यावर लावला. लॅपटॉपवर झकास दिसलं. फोनवर उघडून पाहिलं तर दोन्ही कडा कापल्या गेलेल्या आणि माथ्यावर फक्त 'चे वेफ' उरलेलं. अप्पांनी फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "ळ तर ह्यातून पण गेला," म्हणाले आणि स्वतःच हसले.

शेवटी एक साधा, नाकासमोर चालणारा फॉन्ट मिळाला. नटणं नाही, मुरडणं नाही, पण सगळी अक्षरं त्याची स्वतःची. अप्पांनी भिंग फिरवलं आणि म्हणाले, "चालेल." अप्पांच्या चालेलपुढं पदवी नाही. नवरा म्हणाला, "मॅट्रिकला मराठीत पहिला आलो तेव्हा मलासुद्धा 'बरं'च मिळालं होतं."

बुधवारी संध्याकाळी माझ्या हातून मोठा घोटाळा झाला. वर उजवीकडं दोन बटणं होती. एक 'पूर्वावलोकन', म्हणजे आधी आपल्यापुरतं पाहून घ्यायचं. दुसरं 'प्रकाशित करें'. मी घाईत दुसरं दाबलं. वर एक पत्ता आला. मला वाटलं, हे पाहण्यापुरतं आहे. मी तो ताईंना पाठवला, 'जरा बघा, कसं वाटतं.' ताईंना वाटलं, झाली वेबसाइट. त्यांनी तो पत्ता सासर-माहेरच्या सगळ्या लोकांच्या ग्रुपवर टाकला.

अर्ध्या तासात माझा फोन थांबेना. माथ्यावर 'केळीचे वेफर्स', त्याखाली वाफाळती कॉफी, त्याखाली 'यहाँ अपने बारे में लिखें' आणि त्याखाली ते हसणारं जोडपं. रावेरच्या मावशींनी लिहिलं, 'अभिनंदन. फोटोतले पाहुणे कुठले?' कुणीतरी विचारलं, 'कॉफीपण सुरू केली का?' एका चुलत दिरांनी फक्त हात जोडलेले पाठवले. सगळ्यात कहर ताईंच्या सासूबाईंनी केला. त्यांनी नातवाकडून फोन मागून पाहिला आणि ताईंना विचारलं, "हा दाढीवाला आपल्या घरात कव्हापासून आहे?"

"वहिनी, काढा वं त्याला," ताई फोनवर हसतही होत्या आणि रडकुंडीलाही आल्या होत्या. "सासूबाई ऐकून नाही राहिल्या. म्हणतात, ह्याचं नाव सांग."

मी तो दाढीवाला काढला. त्याची बायको एकटी राहिली, तिलाही काढलं. आता 'आमच्याबद्दल' मोकळं झालं. तिथं काय लिहायचं, हा प्रश्न अप्पांनी आधीच आपल्याकडं घेतला होता. वर मराठी आणि खाली हिंदी असं आमचं ठरलं होतं. मराठी अप्पा लिहिणार, हिंदी मी. ते दोन दिवस आपल्या खोलीत लिहीत बसले होते.

गुरुवारी ताई इतवाऱ्यात पाकिटं पोचवायला आल्या आणि दुपारी घरी आल्या. अप्पांनी मोठ्या उत्साहानं कागद पुढं केले. चार फुलस्केप, दोन्ही बाजूंनी. "तूच वाच मोठ्यानं," म्हणाले.

ताई वाचू लागल्या. सुरुवात 'सूर्यकन्या तापीच्या तीरावर' अशी होती. मग काळी जमीन आली, जावयांच्या आजोबांनी खणलेली विहीर आली, तिला लागलेलं पाणी आलं, केळीची पहिली लागवड आली. मी घड्याळाकडं पाहत होते. वेफर्स अजून यायचे होते. अप्पा डोळे मिटून ऐकत होते, मध्येच बोटानं स्वल्पविराम दाखवत होते. तिसऱ्या पानाच्या शेवटी एकदाचे वेफर्स आले. ताईंनी वाचलं, "'जावईबापूंनी दूरदृष्टीने केळीवर प्रक्रिया करण्याचा उद्योग सुरू केला.'"

आणि त्या थांबल्या.

"पुढं वाच," अप्पा डोळे न उघडता म्हणाले.

"अप्पा, ते वेफर खात पण नाहीत. त्यांना ॲसिडिटी आहे."

"लिहिताना घरच्या कर्त्या माणसाचं नाव येतं. पद्धत आहे ती."

ताईंनी उरलेलं पान मनातल्या मनात वाचलं. मग पाठ उलटून पाहिली. मग पुन्हा पहिलं पान पाहिलं. "ह्याच्यात मी कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

अप्पांनी डोळे उघडले. "आहेस की. शेवटून दुसरी ओळ. 'कुटुंबीयांच्या सहकार्याने.'"

ताई ओरडल्या नाहीत. त्यांनी ते कागद एकावर एक नीट लावले, कडा जुळवल्या, अप्पांच्या शेजारी ठेवले आणि पिशवी उचलली. "चहा?" मी म्हटलं. "बस निघून जाईल," त्या म्हणाल्या. बसला अजून पाऊण तास होता.

त्या गेल्यावर अप्पांनी ते कागद घडी घालून खिशात ठेवले. संध्याकाळी वर्तमानपत्र आलं, त्यातल्या चुकांवर त्यांनी खूण केली नाही. जेवताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, "ती लहानपणी वर्गात पहिल्या बाकावर बसायची. मीच तिचा वर्गशिक्षक होतो. हजेरीत तिचं नाव मी सगळ्यांत शेवटी घ्यायचो, लोकांनी पक्षपात म्हणू नये म्हणून."

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसची तयारी करत होते तर अप्पा टोपी घालून दारापुढच्या ओट्यावर उभे. "देडतलाईची बस कितीला आहे?"

"कशाला?"

"तुला वेबसाइटसाठी फोटो लागतील ना? मी सोबत येतो. सुट्टी टाक."

मी सुट्टी टाकली. बसमध्ये ते खिडकीशी बसले. अप्पा देडतलाईला याआधी कितीतरी वेळा गेलेले होते, पण सणाला, लग्नाला. पुढच्या खोलीत बसायचं, जावयांशी पिकापाण्याचं बोलायचं, जेवायचं आणि परतायचं. घराच्या मागं पत्र्याची शेड आहे आणि त्यात आपली मुलगी दिवसभर उभी असते, हे त्यांना ऐकून माहीत होतं.

आम्ही सरळ मागच्या बाजूला गेलो. ताईंना आम्ही येणार हे ठाऊक नव्हतं. मोठी कढई चढलेली होती. दोघी जणी कच्च्या केळ्यांची सालं काढून ती पाण्यात टाकत होत्या, दोघी तयार वेफर्स पाकिटात भरत होत्या आणि ताई कढईवर किसणी आडवी धरून उभ्या होत्या. केळ किसणीवरून असं सरसर फिरत होतं की चकत्या थेट तेलात उतरत होत्या, एकावर एक न चिकटता. पाचवी बाई शेजारी उभी राहून शिकत होती. ताईंनी चमचाभर मिठाचं पाणी तेलात सोडलं, कढई तडतडली आणि अप्पा दोन पावलं मागं सरकले.

"घाबरू नका, कोण आहे तिकडं..." म्हणत ताई वळल्या आणि त्यांनी वडलांना पाहिलं. मग म्हणाल्या, "अप्पा, मागं सरका अजून. तेल उडतं." आणि पुन्हा कढईकडं वळल्या. कढई थांबत नाही.

शेजारच्या बाईनं झारा घातला. ताई म्हणाल्या, "अजून नाही. ऐक. आवाज चालू आहे ना? तो मंदावला की काढायचं. डोळ्यानं नको बघू, कानानं बघ." आम्ही सगळेच ऐकू लागलो. तडतड कमी झाली, मग नुसती कुजबुज राहिली. "आता," ताई म्हणाल्या. झारा वर आला, पिवळेजर्द वेफर्स जाळीवर पडले.

अप्पांनी खिशातून वही काढली. "किती मिनिटं लागतात?"

"मिनिटं नाही बघत मी, अप्पा. केळ कसं आहे त्याच्यावर असतं."

"आणि हे तुला कोणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? पहिले दोन महिने करपवून करपवून शिकले. म्हशीनं पण खाल्ले नव्हते तेव्हाचे." बायका हसल्या. अप्पा हसले नाहीत. लिहीत होते. मग त्यांनी त्या शिकणाऱ्या बाईला विचारलं, ताई रागावतात का. ती म्हणाली, "रागावत नाही, पण पुन्हा करायला लावते." अप्पांनी हेही लिहून घेतलं. ताईंच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, तेलाचे बारीक डाग होते. अप्पांची नजर तिकडं जात होती आणि परत वहीवर येत होती.

मी फोटो काढले. ताईंच्या सासूबाई बाहेर आल्या आणि पहिलं हेच विचारलं की तो दाढीवाला गेला का. गेला म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातावर गूळ ठेवला.

परतीच्या बसमध्ये अप्पा वही गुडघ्यावर ठेवून लिहीत होते. बस उसळली की खोडायचे, पुन्हा लिहायचे. बुऱ्हाणपूर आलं तेव्हा त्यांनी एक पान फाडून माझ्याकडं दिलं. चार फुलस्केपचं इतकंच उरलं होतं:

'हे वेफर्स माझी मुलगी करते. तिला ते कोणी शिकवले नाही. चुकत, करपवत ती स्वतः शिकली आणि आता गावातल्या पाच जणींना शिकवते. मी आयुष्यभर शिक्षक होतो, म्हणून खात्रीने सांगतो, ती चांगली शिकवते.'

मी ते शनिवारी टाइप केलं, खाली हिंदी लिहिलं आणि ताईंना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

"कसं वाटलं?"

"वहिनी, 'करपवत' कशाला?" त्यांनी विचारलं. "गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"काढू का?"

"नका," त्या लगेच म्हणाल्या. "राहू द्या तसंच."

मग एक नवंच भांडण लागलं. आठवडाभर अप्पा म्हणत होते की 'आमच्याबद्दल' सगळ्यात वर हवं आणि ताई म्हणत होत्या, आधी पदार्थ, ते वाचायला कोणाला टाइम आहे. आता ताई म्हणाल्या, अप्पांचं लिहिलेलं वर घ्या. अप्पा म्हणाले, छे, गिऱ्हाइकाला आधी माल दाखवावा. मी सहा ठिपके धरून तो अनुभाग दिवसभर वर नेत होते, खाली आणत होते. एव्हाना माझा हात असा बसला होता की तुकडा सोडला तिथंच बसायचा. शेवटी मी दोघांनाही न विचारता तो मधोमध ठेवला. वर साधा मीठवाला आणि काळी मिरीवाला वेफर, खाली ताईंचा फोटो, किसणी हातात. शेवटी संपर्क.

रविवारी सकाळी अप्पा, नवरा आणि मी लॅपटॉपसमोर बसलो. मी 'प्रकाशित करें'वर बाण नेला आणि या वेळी दोनदा वाचून दाबलं. ताईंनी इंदूरला लिंक पाठवली.

दोन दिवस काही नाही. मंगळवारी इंदूरच्या बाईंचा ताईंना फोन आला. त्यांनी माल मागवला, पण आधी म्हणाल्या, "पहले पापाजी को मेरा प्रणाम कहिए." मग विचारलं, "ये जो ऊपर लिखा है, के और फिर एक गोल-गोल अक्षर, इसको क्या पढ़ते हैं?" ताई म्हणाल्या, विचारून सांगते, आणि त्यांनी मला फोन लावला; मी तो अप्पांकडं दिला. अप्पांनी ताईंकडून नंबर घेतला आणि थेट इंदूरला फोन लावून त्या बाईंना ळ शिकवला. जीभ कुठं लावायची तेही सांगितलं. पंधरा मिनिटं वर्ग चालला. बाईंना तो आला की नाही कोण जाणे, पण मागणी त्यांनी कमी केली नाही.

पावसाळा सरला, दिवाळी आली. मला वाटत होतं की वेबसाइटचं काही लागलं तर ताई मलाच हाक मारतील. मी तशी वाटही पाहत होते. एक दिवस ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सहज पान उघडलं तर ओळखूच येईना. वर एक नवा अनुभाग होता, पाचही बायकांचे फोटो एका ओळीत, प्रत्येकीखाली तिचं नाव. पदार्थांत केळीचं पीठ आणि चिवडा वाढला होता. गिऱ्हाइकांनी काय म्हटलं, ते एका चौकटीत होतं. आणि सगळ्या मथळ्यांचा रंग गुलाबी केलेला होता, फिक्कट, बडीशेपेच्या गोळ्यांसारखा.

मी फोन लावला. "ताई, हे कोणी केलं?"

"मीच," त्या म्हणाल्या. मागं कढईचा आवाज येत होता. "दुपारी तेल गरम होईस्तोवर करते एकेक. सोपं आहे हो. धरायचं आणि ओढायचं."

मला खूप आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण त्याच्या जरा आधी थोडंसं दुखलं. मी म्हटलं, "पण ताई, तो गुलाबी? काही वाचताच येत नाही. सगळं पुसट दिसतं."

"सगळ्यांना येतं," ताई म्हणाल्या. "वहिनी, तुम्ही डोळे तपासून घ्या." आणि घाणा तयार झाला म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

मी चार दिवस रुसून राहिले. पाचव्या दिवशी इतवाऱ्यात काम होतं, म्हणून सहज चष्म्याच्या दुकानात शिरले. नंबर दोन्ही डोळ्यांचा वाढलेला निघाला.